बंद टाकी आणि सुरक्षा अधिकारी

मोठ्या कारखान्यांत सुरक्षा अधिकारी नेमण्याची तरतूद 1976 च्या दुरुस्तीने कारखाने कायद्यात आली. मुंबईत शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेत औद्योगिक सुरक्षेची पदविकाही मिळते. पण पदविका मिळाली की शिकणं संपलं, असं मानणं धोक्याचं आहे.

बंद टाकीचंच बघा. सांडपाण्याच्या टाकीत हायड्रोजन सल्फाइड साचतो. थोडा असताना सडक्या अंड्यांसारखा वास येतो. प्रमाण वाढलं की वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास नाही म्हणून माणूस निर्धास्त उतरतो आणि कोसळतो. त्याला काढायला सहकारी धावतो, तोही आतच राहतो. ही धाव थांबवणं नुसतं वाचून जमत नाही. वायुमापकाने वर, मध्ये आणि तळाशी हवा तपासायची, ऑक्सिजन 19.5 टक्क्यांखाली असेल तर टाकीत उतरण्याच्या परवान्यावर सही करायची नाही, अडकलेल्याला शक्यतो बाहेरूनच दोरीने ओढून काढायचं, हे हातांनी पुन्हा पुन्हा करावं लागतं. आणि काम खोळंबलं म्हणून वरिष्ठ ओरडत असताना ‘नाही’ म्हणणं? माझ्या मते प्रशिक्षणातला सर्वांत अवघड भाग तोच.

कारखानदारांनो, आपल्या सुरक्षा अधिकाऱ्याला दरवर्षी या सरावासाठी मोकळं करा, आणि कंत्राटी कामगारांच्या मुकादमांनाही सोबत पाठवा.