घाटाखालची गटारे

बनारसचा शिंदे घाट 1830 साली बायजाबाई शिंदे यांनी बांधविला. दगडांचे ओझे जमिनीला पेलले नाही, घाट खचला. शेजारचे रत्नेश्वर मंदिर आजही कललेले आहे.

त्या शहराचे दुखणेही जमिनीखालचेच. 1820 च्या दशकात प्रिन्सेपसाहेबाने तुंबलेल्या तळ्यांचे पाणी काढून द्यायला बोगदा बांधला. पुढे वस्ती वाढली, जुन्या गटारांतून पाऊस आणि मैला एकत्रच वाहू लागला. 1986 मध्ये गंगा कृती योजना तेथेच सुरू झाली, घाटांवर पंप बसले. पण वीज गेली की पंप थांबत, मोठ्या पुरात बंदच ठेवावे लागत, आणि घाण गल्लीत उफाळे. पोस्टमनने त्यातूनच टपाल वाटायचे!

आमचे म्हणणे सरळ आहे. पावसाच्या पाण्याला वेगळी वाहिनी द्या, पंपांना जनरेटर द्या, गाळ यंत्राने काढा. संरक्षक साधनांविना माणसाला गटारात उतरविणे 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मृताच्या वारसांना 30 लाख देण्याचा आदेश दिला. तरी ठेकेदाराचा मजूर उतरतोच. त्याचे नाव बहुधा कुठल्या युनियनच्या वहीतही नसते. नव्या वाहिन्यांच्या निविदेत आधी यंत्राची आणि त्याच्या पगाराची तरतूद दाखवा, मग भूमिपूजनाला या.