पटांगणातले भजन

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



गेल्या नाताळच्या आठवड्यात आपण काही जणी शहरातील एका चर्चच्या पटांगणात भजन ऐकायला गेलो होतो. त्याविषयी मंडळात बरीच कुजबुज झाली. तेव्हा तेथे काय पाहिले, काय ऐकले, ते एकदा सर्वांसमोर सांगावे, अशी चिटणीसबाईंनी मला आज्ञा केली. मी काही वक्ती नाही. जसे सुचेल तसे बोलते, ते गोड मानून घ्यावे.

निमंत्रण आले होते ते आपल्याच एका ख्रिस्ती भगिनीकडून. त्यांचे नाव घेत नाही. घ्यायची गरजही नाही. आपल्या भजनाला पेटीची साथ कोण करते, हे येथे बसलेल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. हरिपाठ असो की गौरीची गाणी, सूर त्यांनी धरायचा आणि आपण त्यावर गायचे, असे कित्येक वर्षे चालले. मग आषाढी एकादशीच्या आधी कोणीतरी शंका काढली, की ख्रिस्ती बाईने हरिपाठाला पेटी वाजवावी काय? शंका त्यांच्या कानावर गेली. त्या रागावल्या नाहीत, भांडल्या नाहीत. येईनाशा झाल्या एवढेच. त्या एकादशीला आपण टाळावर भागवले. कसे भागवले, ते आपण जाणताच!

अशा बाईंनी डिसेंबरात आपणहून बोलावणे धाडले. जावे की न जावे, यावर वाद झाला. एका काकूंनी विचारले, "अगं, तिथं गेल्यावर बाटवत्यात का काय?" दुसरीच्या घरी सासूबाईंना विचारावे लागले. त्या माउलीने मात्र एका वाक्यात निकाल दिला : "ती आपल्या देवाला एवढी वर्षं आली न्हवं? मग तुम्ही एक दिवस गेलात तर काय झिजतंय?" आम्ही सात जणी निघालो.

पटांगणात सतरंज्या अंथरल्या होत्या. पुढे लहान व्यासपीठ, त्यावर पेटी, तबला, टाळ आणि चिपळ्या. थंडी मी म्हणत होती. बायका शालीत मुले गुंडाळून बसल्या होत्या. चपला बाहेर, पुरुष एका अंगाला, बायका दुसऱ्या अंगाला, म्हाताऱ्यांना खुर्च्या. आपल्या सप्ताहाच्या मांडवात शिरावे तसेच वाटले. पहिला अभंग सुरू झाला, ठेका ओळखीचा निघाला, आणि मघाच्या त्या काकूंचे हात आपसूक टाळ्या देऊ लागले. नाव ख्रिस्ताचे होते, चाल मात्र आपल्या कानात लहानपणापासून मुरलेली.

हे असे कसे, म्हणून मी नंतर थोडे वाचले, विचारले. ख्रिस्ती माणसांनी मराठीत देवाचे गाणे गावे, ही गोष्ट नवी नाही. थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज पाद्रीने गोव्यात 'ख्रिस्तपुराण' रचले, ते १६१६ साली छापून निघाले. लिपी रोमन, पण भाषा मराठी आणि छंद आपल्या ज्ञानोबांची ओवी. पुढे एकोणिसाव्या शतकात अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, कृष्णराव रत्नाजी सांगळे ह्यांनी ख्रिस्ती कीर्तने केली. आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक तर आपल्या शाळेच्या पुस्तकांतलेच कवी. त्यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पण तुकोबांना सोडले नाही. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असे ते मानीत. मराठी चर्चमध्ये जे 'उपासना संगीत' हातात घेऊन गातात, त्यात त्यांची गीते पुष्कळ आहेत.

टिळकांचे नाव निघाले की मला लक्ष्मीबाई आठवतात. नवऱ्याने धर्म बदलला तेव्हा त्या बाईच्या संसाराचे काय झाले, ते 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना सांगायला नको. काही वर्षे ताटातूट झाली. पुन्हा एकत्र आल्या तेव्हाही त्यांनी आपले सोवळे सोडले नव्हते. पुढे १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःच्या मनाचा कौल घेऊन. धर्म बदलण्याने घरे दुखावतात, हे खोटे नाही. म्हणून काकूंच्या शंकेला मी हसणार नाही. पण श्रद्धा कोणाला बळाने देता येत नाही आणि बळाने काढूनही घेता येत नाही, हे लक्ष्मीबाईंकडून शिकावे.

आपल्या कोल्हापुराला तरी ही माणसे परकी कोठे आहेत? रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी येथे १८५२ साली आले. त्यांच्या नावाचे चर्च शहरात उभे आहे. शेजारी मिरजेला डॉ. वानलेस ह्यांनी इस्पितळ उभारले, तेथे आपल्या किती आज्या-पणज्या औषधाला गेल्या असतील! आणि शाहू महाराजांनी जातीजातींच्या, धर्माधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृहांना हात दिला, तो ह्याच गावात. त्या राजाच्या गावात एका पेटीवरून अढी धरावी, हे शोभत नाही.

पुन्हा त्या संध्याकाळकडे येते. उत्तरार्धात तरुण मुलांनी गिटार आणि ड्रम काढले. खरे सांगायचे तर तो दणका मला सोसला नाही. पण गणपतीतला आपला दणका सोसणारे कान हे, तक्रार कोणत्या तोंडाने करणार? त्यानंतर आजाऱ्यांसाठी, परगावी असलेल्या मुलांसाठी आणि पावसापाण्यासाठी प्रार्थना झाली. आम्ही हात जोडून स्वस्थ बसलो. कोणी आमच्याकडून काही म्हणवून घेतले नाही, की काही मागितले नाही. शेवटी चहा आला आणि त्याबरोबर केकच्या शेजारी करंज्या आणि चकल्या! नाताळचा फराळ आपल्या दिवाळीच्याच सुगरणींच्या हातचा असतो, हे आमच्यातल्या दोघींना प्रथमच कळले.

निघताना काकूंनी त्या भगिनीला विचारले, "बाई, आमच्या हरिपाठाला वाजवताना तुम्हाला अवघड नव्हतं का होत?" त्या म्हणाल्या, "मी सुराला साथ करत होते काकू. माझी प्रार्थना माझ्यापाशीच होती." मग थोडे थांबून म्हणाल्या, "येऊ नका असं कुणी तोंडावर म्हटलं असतं, तर बरं वाटलं असतं." ह्यावर कोणालाच काही बोलता आले नाही.

भगिनींनो, आजकाल धर्माचे नाव निघाले की आवाज चढतात. मोठ्या प्रश्नांचे निकाल लावणे आपल्या हातात नाही. पण आपल्या मंडळाच्या भजनाला कोणी बसावे, हे तर आपल्याच हातात आहे. म्हणून मी दोन सूचना मांडते. एक, वर्धापनदिनाच्या भजनाला त्यांनी पेटीवर बसावे, असे मंडळाने त्यांच्या घरी जाऊन, कुंकू-अक्षतांचे नव्हे तर साध्या शब्दांचे आमंत्रण द्यावे. दुसरी, ज्यांच्या मनात अजून शंका असेल त्यांनी ती येथे, सभेत, मोकळेपणाने बोलावी. कुजबुजीने माणूस तुटतो; उघड बोलण्याने निदान उत्तर देता येते.

ह्या सूचनांना अनुमोदन मिळावे, अशी विनंती करते.