पेकिंग विद्यापीठातला संस्कृतचा वर्ग

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. शाळेच्या आठवणी सांगायला इथे माझ्यापेक्षा रंगवून बोलणारे पुष्कळ आहेत. मी मात्र एका दूरच्या वर्गाविषयी बोलणार आहे. हा वर्ग चीनमधल्या पेकिंग विद्यापीठातला, आणि तिथे शिकवली जाणारी परदेशी भाषा म्हणजे आपली संस्कृत.

या विद्यापीठात १९४६ साली पौर्वात्य भाषांचा विभाग सुरू झाला. त्याचे प्रमुख होते जी श्येनलिन. जर्मनीत गटिंगेन इथे दहा वर्षं राहून ते संस्कृत, पाली शिकून आले होते. तिथे प्राध्यापक वाल्डश्मिट यांच्या संस्कृतच्या पहिल्या तासाला वर्गात ते एकटेच होते. तरीही तास झाला.

दुसरे शिक्षक जिन खमू. यांच्याजवळ कॉलेजची पदवीच नव्हती. १९४१ मध्ये ते कोलकात्याला एका चिनी वर्तमानपत्रात काम करायला आले. पुढे सारनाथला जाऊन त्यांनी ज्यांच्याकडे धडे घेतले, ते होते धर्मानंद कोसंबी. गोव्यातल्या साखवाळचे, ‘निवेदन’ लिहिणारे आपले कोसंबी! म्हणजे पेकिंगच्या या वर्गाची एक गुरुपरंपरा थेट आपल्या माणसापाशी येऊन पोचते.

या दोघांनी मिळून १९६० साली संस्कृत-पालीची पदवीची पहिली तुकडी घेतली. अभ्यासक्रम पाच वर्षांचा, विद्यार्थी मोजकेच. त्यांची अडचण आपल्याला सहज कळणार नाही. आपल्याला देवनागरी येते, विभक्ती ओळखीच्या असतात, निम्मे शब्द घरातलेच असतात. चिनी भाषेत नामाला विभक्ती लागत नाही, काळ बदलला म्हणून क्रियापदाचं रूप बदलत नाही. त्या मुलांना लिपीपासून संधीपर्यंत सगळं नवं होतं. जी सरांनी श्टेन्झलर या जर्मन पंडिताच्या छोट्या व्याकरणावरून टिपणं तयार केली. व्याकरण थोडक्यात सांगायचं आणि लगेच वाक्यांना हात घालायचा, ही त्यांची जर्मनीत शिकलेली रीत.

ही तुकडी १९६५ मध्ये बाहेर पडली आणि पुढच्याच वर्षी सांस्कृतिक क्रांती सुरू झाली. विद्यापीठातलं शिक्षण थांबलं. जी सरांना मारहाण झाली, डांबून ठेवलं गेलं. पुढे त्यांना दारावर राखण करण्याचं काम मिळालं. त्या काळात, १९७३ पासून, त्यांनी वाल्मीकी रामायण चिनी पद्यात आणायला घेतलं. कागदाच्या चिटोऱ्यांवर ओळी जुळवायच्या, असं ते चाले. सातही कांडं १९८० ते १९८४ या काळात प्रसिद्ध झाली. संस्कृतची पदवीची पुढची तुकडी भरली तीही १९८४ मध्येच. मध्ये चोवीस वर्षं गेली होती.

आता पहिल्या तुकडीचं काय झालं ते सांगतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं आणि ते १९६६ मध्ये पूर्ण झालं, हे आपल्याला ठाऊक आहे. तीच आवृत्ती समोर ठेवून चिनी भाषांतर सुरू झालं. त्याचा पहिला खंड १९९३ मध्ये आला. पुढची धुरा वाहिली हुआंग बाओशेंग यांनी. ते १९६० च्या तुकडीतले विद्यार्थी, आणि त्याच तुकडीतले सहाध्यायीही या कामात त्यांच्याबरोबर होते. २००५ मध्ये सहा खंडांत संपूर्ण महाभारत चिनी वाचकाच्या हाती आलं. सुरुवातीच्या भागाच्या भाषांतरात सहभागी असलेले जिन खमू तोवर हयात नव्हते. भारत सरकारने २००८ मध्ये जी सरांना पद्मभूषण आणि २०१५ मध्ये हुआंग यांना पद्मश्री दिली.

मंडळी, पाच वर्षांनी या तुकडीचा जमाखर्च मांडला असता, तर खर्चच दिसला असता. दहा वर्षांनीही तेच. चाळीस वर्षांनी महाभारत हाती आलं. दोन शिक्षक होते, मोजके विद्यार्थी होते आणि त्या विद्यार्थ्यांनी विषय सोडला नाही, म्हणून ते झालं.

हे आजच सांगण्याचं कारण आहे. आपल्या शाळेत यंदा नववीला संपूर्ण संस्कृत घेणारी मुलं नऊ आहेत. संस्कृतच्या बाई मार्चमध्ये निवृत्त होत आहेत. नऊ मुलांसाठी नवीन शिक्षक कुठून आणायचा, हा शाळेपुढचा प्रश्न खरा आहे. त्यात कुणाचा दोष नाही. पण वर्ग एकदा बंद पडला की पुन्हा उभा करायला किती वर्षं लागतात, ते आपण आत्ताच पाहिलं.

म्हणून एक विनंती. आपल्या तुकडीने दरवर्षी वर्गणी काढून पाच वर्षांपुरतं एका संस्कृत शिक्षकाचं मानधन उचलावं. या नऊ जणांतून कुणी पंडित निघेलच, असं मी म्हणत नाही. नऊची तीन झाली तरी तास मात्र व्हावा. जेवणाच्या सुट्टीत मी दाराशी वही घेऊन बसणार आहे. ज्यांना जमेल त्यांनी नाव लिहावं.