दुधाचा हिशेब कोणी द्यायचा?

(श्रीरामपूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



मघाशी एका भगिनीने विचारले, "आपल्या गावची डेअरी परदेशी कंपनीकडे गेली, म्हणून दूध महागले का?" प्रश्न साधा आहे, परंतु त्याचे उत्तर घोषणा देऊन भागणार नाही.

वस्तुस्थिती अशी आहे. याच श्रीरामपुरात वाढलेल्या प्रभात डेअरीचा दूधव्यवसाय २०१९ साली फ्रान्सच्या लॅक्टालिस समूहाने सुमारे १,७०० कोटी रुपयांना विकत घेतला. त्यापूर्वी २०१४ मध्ये या समूहाने हैदराबादची तिरुमला डेअरी घेतली होती आणि २०१६ मध्ये इंदूरच्या अनिकचा दूधव्यवसाय. हा समूह एका फ्रेंच कुटुंबाच्या मालकीचा आहे. आपल्या गोठ्यातील दुधाच्या व्यवहाराचे निर्णय इतक्या दूरवर होऊ लागले, तर ग्राहकाला चिंता वाटणे स्वाभाविक आहे. अमेरिकेतील स्मिथफील्ड ही डुकराच्या मांसाची प्रचंड कंपनी २०१३ साली चिनी मालकीकडे गेली, तेव्हा तेथेही हाच प्रश्न उठला होता.

परंतु परदेशी मालकाकडे बोट दाखविले की आपले कर्तव्य संपले, असे मानू नका. विकली जाण्यापूर्वीही प्रभात खासगीच होती. ज्या जिल्ह्यात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० च्या सुमारास प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा केला, त्याच जिल्ह्यात दुधाचा मोठा भाग खासगी डेअऱ्यांकडे का गेला? राज्याच्या सहकारी दूध महासंघाचा 'महानंद' २०२४ मध्ये राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या हाती का सोपवावा लागला? घर आधी आतून पोखरले गेले. परका माणूस उघड्या दारातून आत आला.

आता भावाचा हिशेब पाहू. जानेवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने गायीच्या दुधासाठी सूत्र ठरविले : डेअरीने लिटरला किमान २७ रुपये द्यावेत, शासन ५ रुपये अनुदान देईल. जुलैमध्ये ते ३० अधिक ५ झाले. ऑक्टोबरपासून २८ अधिक ७ झाले. नीट पाहा. शेतकऱ्याच्या वाट्याचे ३५ रुपये तेवढेच राहिले. डेअरीचा भार दोन रुपयांनी हलका झाला आणि ते दोन रुपये सरकारी तिजोरीवर पडले. पिशवी दुकानात कोणत्या भावाने विकावी, याविषयी या सूत्रात अवाक्षरही नव्हते. म्हणजे गृहिणीने एकदा दुकानात पैसे मोजले आणि दुसऱ्यांदा करातून. हा लाभ डेअरीला मिळाला. मग मालक पॅरिसचा असो वा पारनेरचा.

म्हणून आपली मागणी मालकाच्या पारपत्राविषयी नसावी, त्याच्या हिशेबाविषयी असावी. उसाच्या उत्पन्नातील वाटणीसाठी महाराष्ट्राने २०१३ साली कायदा केला. मग दुधासाठी का नको? खरेदीचा भाव आणि विक्रीचा भाव यांतील अंतर प्रत्येक डेअरीने, सहकारी असो वा खासगी, जाहीर करावे. ग्राहकाच्या रुपयातील उत्पादकाचा किमान वाटा कायद्याने ठरावा. संकलन केंद्रावरील वजनकाटे आणि मिल्कोमीटर तटस्थ यंत्रणेने तपासावेत. अनुदान मिळविणाऱ्या डेअरीने ग्राहकासाठी भावाचे बंधन स्वीकारावे.

हे मागायचे कोणी? १९७२ साली मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली आणि मुंबईच्या गृहिणी लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. जुलै २०२४ मध्ये अकोले तालुक्यातील कोतूळला दूध उत्पादक भावासाठी धरणे धरून बसले. पहिल्या लढ्यात ग्राहक होता, दुसऱ्यात उत्पादक. या दोघांनी एकमेकांना शत्रू समजावे, यातच मधल्यांचे हित आहे. शेतकऱ्याला भाव वाढवून दिला की पिशवी महागणारच, असे शहरात सांगितले जाते. ग्राहकाला स्वस्त हवे म्हणून भाव पाडावा लागतो, असे गावात सांगितले जाते. दोन्ही ठिकाणी मधला हिशेब झाकलेला राहतो.

आपल्या शाखांनी एवढे तरी करावे. गावातील संकलन केंद्रावर मिळालेल्या भावाची पावती आणि शहरातील पिशवीवर छापलेली किंमत दर महिन्याला एकाच फलकावर शेजारी शेजारी लावावी. त्या दोन आकड्यांमधील अंतर लोकांनी रोज पाहिले, की प्रश्न कोणाला विचारायचा हे त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.