कष्ट प्रश्न घालतात, उत्तर आपण देतो

हालअपेष्टा माणसाला शहाणं करतात, असं आपण सहज बोलून जातो. पण तेवढंच खरं असतं, तर सारखे हाल सोसलेल्यांची श्रद्धाही सारखीच झाली असती. आपल्या गंगाखेडची जनाबाई पोरवयातच पंढरपूरला नामदेवांच्या घरी दासी म्हणून राहिली आणि दळण-कांडण, झाडलोट, शेणी वेचणं यांत तिचा जन्म गेला. म्हणून तिच्या अभंगांतला विठ्ठल विटेवर नुसता उभा राहत नाही. तो तिला दळू लागतो, शेणी वेचू लागतो. देव म्हणजे कामाला हात लावणारा सोबती, ही कल्पना आयतं पीठ मिळणाऱ्याला सुचणं अवघड. पण त्याच काळातलं चोखामेळ्यांचं घर पाहा. अस्पृश्यतेचा जाच सगळ्यांनाच सारखा. तरी चोखोबा काही अभंगांत आपल्या हीनपणाचं कारण पूर्वजन्मीच्या कर्मात शोधतात. त्यांची पत्नी सोयराबाई विचारते, की सगळेच देह विटाळातून घडले असताना सोवळा कोण. आणि मुलगा कर्ममेळा थेट विठ्ठलालाच जाब विचारतो. दुःख एक, निष्कर्ष तीन. कष्ट प्रश्न घालतात. उत्तर मात्र ज्याच्या-त्याच्या दृष्टीतून येतं.

यावर कुणी म्हणेल, ही संतांची गोष्ट झाली. जात्यावर बसलेल्या बाकीच्या बायांना कसली आली आहे दृष्टी? हेमा राईरकर, गी पॉइट्वाँ या अभ्यासकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत माहेर आहे, सासुरवास आहे, विठ्ठल आहे आणि बाबासाहेब आंबेडकरही आहेत. जातं तेच, पहाट तीच; पण एकीला आधार पंढरीचा वाटला, तर दुसरीला भीमरावांचा. या बाया मुक्या नव्हत्या. आपल्या जगण्याचा अर्थ त्या स्वतः लावत होत्या.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: अशा बोलण्यातून कष्टांचंच कौतुक होत नाही का? होतं, आणि म्हणून सावध राहायला हवं. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा ओव्या बंद पडतील म्हणून बायांनी काही जातं धरून ठेवलं नाही. सोसण्यातून आलेलं शहाणपण मोलाचं असतं, म्हणून सोसणं मोलाचं ठरत नाही. 1972च्या दुष्काळानं तर उत्तर सोसण्यातून नव्हे, दृष्टीतून येतं हे राज्याच्या पातळीवर दाखवून दिलं. महाराष्ट्राला दुष्काळ नवा नव्हता, आणि खडी फोडण्याची दुष्काळी कामं इंग्रजी अमदानीतही निघत. नवी होती ती दृष्टी. राजकीय नेते वि. स. पागे यांनी पुढे आणलेल्या रोजगार हमीच्या कल्पनेत हाताला काम मिळणं ही सरकारची मेहेरबानी राहिली नाही, तो मागणाऱ्याचा हक्क झाला. 1977मध्ये त्याचा कायदाही झाला. याआधीच्या दुष्काळांत भूक काही कमी नव्हती, तरी तेव्हा असा कायदा झाला नाही. म्हणून कुणाच्या श्रद्धा समजून घ्यायच्या, तर त्यानं किती सोसलं एवढंच विचारून भागत नाही. त्या सोसण्याचा अर्थ त्यानं काय लावला, हेही ऐकून घ्यावं लागतं. आणि ऐकल्यावर त्याचं ओझं तसंच त्याच्या डोक्यावर ठेवायचं, ही मुभा मग आपल्याला उरत नाही.