पिकअपवरची यारी

(मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही वक्ता नव्हे. माझे आयुष्य वेल्डिंगच्या दुकानात, लोखंडाच्या ठिणग्यांत गेले. तरीही समितीने मला येथे उभे केले, त्याला कारण आहे. देवळासाठी दिलेल्या पैशातून एक यारी का करविली, देवाच्या कामात लोखंडाचे हे प्रकरण कशाला, असा प्रश्न काही देणगीदारांनी विचारला. तो विचारण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. ज्याने पैसा दिला त्याला हिशेब मिळालाच पाहिजे. रुपयांचा हिशेब खजिनदारांनी या पुस्तिकेत दिलाच आहे. मी वजनाचा हिशेब देणार आहे. आणि त्यात माझ्या हातून झालेली एक चूकही सांगणार आहे.

आपल्या महादेवाचा गाभारा शाबूत होता. परंतु सभामंडपाचे उत्तरंग तडकले होते, दोन खांब कलले होते आणि पूर्वेकडची भिंत पोट काढून बाहेर आली होती. दगड उतरवून, त्यांवर नंबर घालून, पाया नीट करून ते पुन्हा जागच्या जागी बसवावयाचे होते. आपल्या धाराशिव जिल्ह्यात जुन्या बांधकामाची उणीव नाही. तेरला विटांची प्राचीन मंदिरे आहेत, भूम तालुक्यात माणकेश्वरला दगडी कोरीव कामाचे शिवमंदिर आहे, नळदुर्गाला बोरी नदीवर बंधारा घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला आहे. त्या कारागिरांपाशी ना डिझेल होते ना वीज. मातीचा उतार रचून, लाकडी रुळांवरून, पहारींनी रेटत आणि दोर-कप्पीने ओढत दगड वर जात. पण त्यांच्यापाशी शेकडो हात होते आणि वर्षांमागून वर्षे काम चालविण्याची सोय होती. आपल्यापाशी आठ माणसे होती आणि पुढे पावसाळा होता.

आता एका दगडाचे वजन पाहा. आपल्या भागातला काळा दगड घनफुटाला ऐंशी किलोच्या आसपास भरतो. मधल्या दाराचा उत्तरंग 5 फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि पाऊण फूट जाड. गुणाकार केला तर पावणेपाच घनफुटांच्या जवळ जातो. म्हणजे सुमारे पावणेचारशे किलो. ज्वारीची पावणेचार क्विंटल एकाच तुकड्यात! पोते हातातून सुटले तर फाटते, दगड सुटला तर माणूस जातो.

मोठी हायड्रा क्रेन भाड्याने आणावी, असे प्रथम ठरले होते. पण वेशीपासून देवळापर्यंतची बोळ आपण जाणताच. बैलगाडी आली तर समोरच्याने ओट्यावर चढावे लागते. हायड्रा वेशीतच अडली असती. बोळीतून येईल असे वाहन एकच, ते म्हणजे पिकअप. आपल्यातल्याच एका भाजीपाला वाहणाऱ्या बांधवाने आपली गाडी देवळासाठी दिली. मग तिच्याच हौद्यात छोटी यारी बसवावी, हा विचार पुढे आला आणि काम माझ्याकडे आले.

आता माझी चूक ऐका. मी जाड पाइपाचा खांब केला, वर फिरता हात बसविला, हाताच्या टोकाला एक टनाची चेन कप्पी टांगली. सगळे मजबूत केले. खांबाची तळपट्टी मात्र हौद्याच्या पत्र्यावर ठेवून चार बोल्टांनी आवळली आणि कडेने वेल्डिंग मारले. कप्पी एक टनाची, खांब त्याहून भारी, मग पावणेचारशे किलोची काय कथा, असे मला वाटले. आमच्या कामावर एक वृद्ध मिस्त्री होते. सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांनी यारीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "लेका, वर काय बघतूस? तिचे पाय कुठं टेकलेत ते बघ." मी हसून वेळ मारून नेली.

पहिला उत्तरंग जमिनीवरून वीतभर उचलला. हात बाजूला फिरविला. गाडी त्या अंगाला दबली, पाट्यांनी कुरकुर केली, आणि कोणाला काही कळण्याच्या आत हौद्याचा पत्रा टराटरा फाटला. खांब कलला, दगड खाली आदळला. त्याच जागी, घटकाभरापूर्वी, पाण्याची घागर घेऊन एक पोर उभा होता. आबांनीच त्याला हाताला धरून मागे नेले होते. दगडाचा एक कोपरा उडाला, बाकी कोणाला खरचटलेही नाही. परंतु त्या रात्री मला झोप आली नाही. देवाने वाचविले असे सगळे म्हणाले. मीही हात जोडले. पण मनात म्हटले, देवाने वाचविले हे खरे, पण मारावयास निघालो होतो तो मी.

चूक कोठे होती ते सोपे करून सांगतो. आपण पाण्याची भरलेली बादली छातीशी धरतो तेव्हा ती हलकी वाटते. तीच हात लांब करून धरली की खांदा निखळू पाहतो. बादली तीच, अंतर वाढले. यारीचेही तसेच आहे. पावणेचारशे किलोचा दगड खांबापासून 5 फुटांवर लोंबकळला आणि खालच्या प्लेटच्या बोल्टांच्या दोन रांगांत अंतर दीड फूट असले, तर मागच्या रांगेचे बोल्ट हजार किलोहून अधिक जोराने वर उपटले जातात. पत्र्याने हा जोर कोठून सोसावा? पत्रा भाजीच्या जाळ्या खालून पेलण्यासाठी असतो, वर ओढ सोसण्यासाठी नव्हे. शिवाय गाडी पाट्यांवर उभी असते. ओझ्याच्या अंगाला ती दबली की दगड आणखी बाहेर जातो, बाहेर गेला की आणखी दबते. कप्पीवर एक टन लिहिले होते ते कप्पीपुरते खरे होते. गाडीने ते कबूल केले नव्हते.

मग काम थांबविले. त्या थांबण्याबद्दल समितीला बोल लावू नका, तो माझा आग्रह होता. आणखी एक गोष्ट मी आधी विचारात घेतली नव्हती. मोटार वाहन कायदा, 1988 याच्या कलम 52 प्रमाणे, नोंदणीपुस्तकातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत परस्पर करता येत नाही. म्हणून परिवहन कार्यालयात रीतसर अर्ज केला, परवानगी घेतली, विमा कंपनीलाही लेखी कळविले. नंतरच दुसऱ्यांदा हातोडा उचलला.

या खेपेस हौद्याखाली, गाडीच्या दोन्ही चासीपट्ट्यांवर आडवे टेकतील असे दोन लोखंडी चॅनेल घातले आणि ते यू-बोल्टांनी चासीला आवळले. चासीला भोक पाडले नाही, वेल्डिंगही केले नाही. चासीच्या वरच्या-खालच्या काठाला भोक पडले की तेथूनच चीर धरते, आणि वेल्डिंगच्या तापाने लोखंडाचा कस बिघडतो. चॅनेलवर 12 मिलिमीटरची प्लेट, प्लेटवर खांब. मधला पत्रा आता केवळ सोबतीला राहिला. यू-बोल्ट सोडले की यारी पुन्हा खाली उतरते आणि गाडी भाजीला मोकळी होते.

दुसरे काम पायांचे. दोन्ही बाजूंना बाहेर सरकणारे पाय केले, टोकाला स्क्रू जॅक. हे पाय आधी टेकवून गाडीचा भार पाट्यांवरून थोडा उचलून घ्यावयाचा, मगच दगडाला हात लावावयाचा. पण पाय टेकणार कशावर? देवळाभोवती भराव आणि काळी माती. पावसाचा एक शिडकावा झाला की काळ्या मातीत माणसाचा पाय रुततो, तेथे जॅकचे काय? म्हणून प्रत्येक पायाखाली दीड फूट चौरस बाभळीची जाड फळी घातली. जॅकची टाच सहा इंच चौरस होती. फळीमुळे तोच भार नऊपट जागेवर पसरला. एवढ्याशा फळीने जे साधले ते लोखंडाने साधले नसते.

मग परीक्षा घेतली. यारीला आम्ही मर्यादा घातली होती: 5 फुटांवर 400 किलो, हात 8 फूट लांबविला तर फक्त 250. परीक्षेसाठी सिमेंटच्या दहा गोण्या, म्हणजे 500 किलो, 5 फुटांवर उचलून थोड्या उंचीवर धरून ठेवल्या. आबा खाली वाकून एकेक फळी पाहत होते. फळी रुतली नाही, बोल्ट हलला नाही. तेव्हा कुठे त्यांनी मान हलविली.

दगड बांधण्याचीही एक खूण सांगतो, कारण ती घरोघर उपयोगी आहे. दोन पट्ट्यांनी दगड टांगताना पट्टे जितके आडवे पसरतात तितकी त्यांवर ओढ वाढते. दोन पट्ट्यांमधला कोन 120 अंशांचा झाला, तर प्रत्येक पट्ट्याला पूर्ण दगडाएवढी ओढ बसते. दोघांत वाटणी झाली असे आपल्याला उगीच वाटत राहते. म्हणून पट्टे लांब घ्यावेत, उभे ठेवावेत, आणि दगडाच्या धारेवर पोत्याची घडी घालावी. चेन कप्पी घेतली तीही याच कारणाने की हातातली साखळी सुटली तरी ओझे जागीच थांबते. रहाटाचे तसे नाही. हात सुटला की दांडा उलटा फिरून बरगड्या मोडतो.

अशा रीतीने लहानमोठे साठ-सत्तर दगड उतरले आणि पुन्हा चढले. मधल्या दाराचा तो उत्तरंगही आपल्या जागी बसला. त्याचा उडालेला कोपरा पाथरवट नवा तुकडा जोडून देत होते. मीच समितीला विनंती केली की तो तसाच राहू द्यावा. आपण दर्शनाला जाताना उजव्या हाताला वर पाहिले तर तो दिसेल. मला तो रोज पाहावयाचा आहे.

आता यारी गावाची झाली. ती समितीच्या खोलीत राहील. तिच्याबद्दल माझे हात जोडून मागणे आहे. आपल्या भागात विहिरीच्या कामावरच्या यारीने मुरूम-दगड वर काढतात, आणि त्याच बादलीत किंवा हुकाला धरून माणसेही खाली उतरतात. दोर तुटून, हुक निसटून किती घरे उघडी पडली ते आपण ऐकले आहे. ही यारी दगडासाठी आहे, माणसासाठी नाही. मोटार काढावयाची असो, पाइप काढावयाचा असो, जरूर न्या; पण तिला लटकून कोणीही विहिरीत उतरू नये. पोटचा पोर म्हणाला तरी उतरवू नये. टांगलेल्या ओझ्याखाली कोणी उभे राहू नये, ओझे टांगून गाडी चालवू नये, आणि विजेच्या तारांच्या आसपास तिचा हात वर करू नये. हे नियम पाटीवर रंगवून खोलीच्या दाराला लावले आहेत. ज्याला ते जाच वाटतात त्याने यारी मागू नये.

आणखी एकच आठवण सांगून थांबतो. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट या जिल्ह्यात कोणी विसरलेले नाही. लातूरकडे किल्लारी, आपल्याकडे सास्तूर, आणि भोवतालची किती तरी गावे. दगड-मातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या. बोळी ढिगाऱ्यांनी बुजल्या, तेथे मोठे यंत्र पोचेना आणि दगड हातांनी हलेनात. तसा प्रसंग पुन्हा कोणावर न येवो. पण आलाच, तर बोळीतून जाईल अशी एक यारी आणि ती बसविणारे चार जाणते हात गावात आहेत. म्हणून गावातील चार तरुणांना मी ती बसविण्यास, पाय टेकविण्यास आणि फळ्या घालण्यास शिकविले आहे. दरवर्षी महाशिवरात्रीच्या आधी ती बाहेर काढून, तेल घालून, गोण्या उचलून तपासावी, एवढे आपण ठरवू या.

देणगीदारांनो, तुमच्या पैशातून कळस चढला, तो सर्वांना दिसतो. त्याच पैशातून बाभळीच्या चार फळ्याही आल्या, त्या कोणाला दिसत नाहीत. पण कळस चढला तो त्या फळ्यांवर पाय टेकून. आबा आज हयात नाहीत. हा सोहळा त्यांनी पाहावयास हवा होता. त्यांचे ते एक वाक्य मी तुमच्या हवाली करतो आणि माझे बोलणे संपवितो.

हर हर महादेव!