मुदत सरलेला करार

तंजावरच्या भातशेतकऱ्याचे वर्ष १२ जूनला सुरू होते, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती होणार नाही. सेलम जिल्ह्यातील मेट्टूरच्या धरणाचे दरवाजे त्या दिवशी उघडावेत असा संकेत आहे. तेथून निघालेले पाणी तीन-चार दिवसांनी कल्लणैच्या प्राचीन बंधाऱ्याशी पोचते, आणि मग कावेरी, वेण्णार व त्यांच्या असंख्य फाट्यांतून ते शेतांत शिरते. या पाण्यावर घ्यावयाच्या पहिल्या पिकाला कुरुवै म्हणतात. हे पीक ऑक्टोबरात ईशान्येचा पाऊस कोसळू लागण्यापूर्वी कापून घरात यावयास हवे. म्हणून दरवाजे महिनाभर उशिरा उघडले तर कुरुवै गेलेच म्हणावयाचे. मागाहून येणारे सांबा हे लांब मुदतीचे पीक तेवढे हाती राहते, आणि तेही आभाळाच्या भरवशावर. जून-जुलैत आपल्याकडे नद्या दुथडी भरून वाहत असतात तेव्हा तंजावरचे आकाश बहुधा कोरडे असते. पाऊस पडतो तो दूर कूर्गच्या डोंगरांत, आणि तो तंजावरला पोचावयाचा तर आधी म्हैसूरच्या मुलखातून यावा लागतो.

मराठी माणसाला तंजावर म्हटले की व्यंकोजीराजे, सरफोजी महाराज आणि सरस्वती महाल ग्रंथालय आठवते. ते योग्यच आहे. पण त्या ग्रंथालयाचा आणि त्या दरबाराचा खर्च ज्यातून निघत होता तो कावेरीच्या पाण्यातून, हे सहसा कोणी सांगत नाही. पाण्यासाठी दुसऱ्याच्या दाराशी उभे राहण्याचा प्रसंगही या राज्याला नवा नव्हता. कावेरीचा प्रवाह तंजावरकडे वळविणारा मोठा बांध अर्काटच्या नबाबाच्या हद्दीत येत असे. १७६० नंतरच्या दशकात त्याची दुरुस्ती करण्यास नबाबाने आडकाठी केली, तेव्हा तुळजाजीराजांना इंग्रजांची मध्यस्थी पतकरावी लागली. बांध दुसऱ्याच्या जमिनीवर आणि तहान आपल्या शेताला, ही तंजावरची अडचण इतकी जुनी आहे.

पुढे नबाब गेला, १८५५ साली तंजावरचे मराठी राज्यही संपले, आणि कावेरीच्या वरच्या अंगाला म्हैसूर व खालच्या अंगाला मद्रास असे दोन पक्ष उरले. १८९२ साली त्यांच्यात पहिला करार झाला. म्हैसूरने मद्रासच्या संमतीवाचून नवी मोठी पाटबंधाऱ्याची कामे हाती घेऊ नयेत, असा त्याचा आशय होता. नंतर विश्वेश्वरय्यांच्या काळात कृष्णराजसागराची योजना पुढे आली, वाद पेटला, लवादापर्यंत आणि विलायतेपर्यंत गेला, आणि अखेरीस १८ फेब्रुवारी १९२४ रोजी दुसरा करार झाला. म्हैसूरने कृष्णराजसागर बांधावे आणि सव्वा लाख एकर नवी जमीन भिजवावी. मद्रासने मेट्टूरला सुमारे साडेत्र्याण्णव अब्ज घनफुटांचा जलाशय करून तीन लाख एक हजार एकर नवी जमीन भिजवावी, असे ठरले. या अब्ज घनफुटालाच वर्तमानपत्रे टी.एम.सी. म्हणतात. दोन्ही धरणे झाली. मेट्टूर १९३४ मध्ये पुरे झाले. दोन्ही बाजूंचा शेतकरी सुखावला, आणि कराराचे कागद दप्तरात जाऊन बसले.

त्या कागदांत एक अकरावे कलम होते. करारातील काही मर्यादा व व्यवस्था पन्नास वर्षांनंतर पुनर्विचारास मोकळ्या राहतील, असे ते सांगत होते. १९२४ साली पन्नास वर्षे म्हणजे फार लांबची गोष्ट. सह्या करणाऱ्यांपैकी कोणी १९७४ पाहणार नव्हते. पण १९७४ उजाडले. तोवर म्हैसूर संस्थान जाऊन कर्नाटक राज्य झाले होते, मद्रासचे तमिळनाडू झाले होते, आणि दोन्ही सरकारे निवडून येणारी होती. कर्नाटकाने म्हटले, मुदत संपली, करार संपला. आम्ही त्यातून मोकळे झालो. तमिळनाडूने म्हटले, पुनर्विचार म्हणजे अंत नव्हे. ठराविक कलमे पुन्हा पाहा, बाकीचा करार जसाच्या तसा आहे, आणि १८९२ च्या कराराला तर मुदतच नाही.

हा शब्दच्छल वाटेल, पण तसा तो नव्हता. करार संपला असेल तर वरच्या राज्याला हवी तितकी धरणे बांधण्यास हरकत उरत नव्हती. करार चालू असेल तर हेमावती, हारंगी आणि कबिनी यांच्यावर उभी राहणारी धरणे कराराचा भंग ठरत होती. एका शब्दाच्या अर्थावर लाखो एकरांचे भवितव्य लोंबकळत राहिले, आणि तो अर्थ कोणी लावावयाचा हेच ठरेना. कर्नाटकाच्या बाजूलाही वजन होते, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. जुने करार झाले तेव्हा म्हैसूर हे मांडलिक संस्थान होते आणि मद्रास हा खुद्द सार्वभौम सत्तेचा प्रांत. असा सौदा बरोबरीचा कसा म्हणावा? मंड्याच्या शेतकऱ्याला आपल्या डोळ्यांदेखत वाहून जाणारे पाणी अडवावेसे वाटले तर त्याला दोष देता येत नाही.

कृष्णा, गोदावरी व नर्मदा या नद्यांसाठी १९६९ सालीच लवाद नेमले गेले. महाराष्ट्रातील श्रोत्यांना कृष्णा लवादाचे, बच्छावत यांचे नाव परिचित आहे. कावेरीच्या वाट्याला मात्र लवाद आला नाही, बैठका आल्या. १९६८ ते १९९० या काळात मंत्रिपातळीवरच्या सव्वीस बैठका झाल्या. १९७१ साली तमिळनाडूने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला आणि पुढच्या वर्षी वाटाघाटींच्या आशेने काढून घेतला. १९७६ साली सहमती झाल्याचे संसदेत जाहीर झाले. पण तमिळनाडूत तेव्हा राष्ट्रपती राजवट होती, आणि नंतर निवडून आलेल्या सरकारने ती सहमती मान्य केली नाही. सरकारी कामकाजाचा ज्यांना अनुभव आहे त्यांना अशा बैठकांचे इतिवृत्त न वाचताही ठाऊक असते: चर्चा सौहार्दाच्या वातावरणात झाली, पुढील बैठक सोयीच्या तारखेस घेण्याचे ठरले. सोय कोणाची, हा प्रश्न इतिवृत्तात येत नाही. इकडे दर जूनला तंजावरचा शेतकरी सकाळी वर्तमानपत्र उघडून प्रथम मेट्टूरची पातळी किती फूट झाली ते पाहत होता.

शेवटी तो कंटाळला. १९८३ साली त्रिभुज प्रदेशातील शेतकऱ्यांच्या एका संघटनेने स्वतःच सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. तमिळनाडू शासनाने रीतसर लवादाची मागणी केंद्राकडे नोंदविली ती त्यानंतर, १९८६ मध्ये. न्यायालयाने ४ मे १९९० रोजी निर्णय दिला की इतक्या वर्षांच्या वाटाघाटींतून काही निष्पन्न होत नाही हे उघड आहे, तेव्हा केंद्राने एका महिन्याच्या आत लवाद नेमावा. २ जून १९९० ला लवाद नेमला गेला. जे काम दोन राज्यांना आणि केंद्राला वीस वर्षांत साधले नव्हते ते शेतकऱ्यांच्या अर्जाने झाले, ही गोष्ट या साऱ्या प्रकरणात पुरेशी ठळकपणे सांगितली जात नाही.

करारातून बाहेर पडणे म्हणजे नेमके काय, या प्रश्नाने गांजलेला तंजावर हा एकटाच नव्हे. २३ जून २०१६ रोजी ब्रिटिश जनतेने युरोपीय संघ सोडण्याच्या बाजूने, सुमारे ५२ विरुद्ध ४८ टक्के असा कौल दिला. सोडावयाचे ठरले, पण कसे, कोणत्या अटींवर, आयर्लंडच्या सरहद्दीचे काय, यांवर संसदेचे एकमत होईना. पंतप्रधान थेरेसा मे यांनी आणलेला मसुदा २०१९ च्या जानेवारी ते मार्च या अवधीत तीन वेळा फेटाळला गेला. २९ मार्च २०१९ ही ठरलेली तारीख उलटली, मुदत पुनःपुन्हा वाढली. संघात राहू इच्छिणारे आणि सोडू इच्छिणारे दोघेही सारखेच वैतागले. त्या डिसेंबरातील निवडणूक बोरिस जॉन्सन यांनी जिंकली ती ‘एकदाचे हे उरकून टाकू’ या अर्थाच्या घोषणेवर, आणि ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडले. साडेतीन वर्षांच्या कोंडीने एवढे मोठे राष्ट्र टेकीस आले! तंजावरची कोंडी १९७४ पासून मोजली तर तिच्या कितीतरी पट लांबली. शिवाय ब्रिटिश नागरिकाच्या हाती मतपेटी होती. कालव्याच्या शेपटाकडच्या शेतकऱ्यालाही मत होते खरे, पण ते तमिळनाडूत. पाणी अडत होते कर्नाटकात, आणि तेथील मतदाराचे हित उलटे होते. दोन्हीकडच्या पुढाऱ्यांना तडजोड महागात पडावी अशीच ही रचना होती.

लवाद आला म्हणून कोंडी फुटली असे झाले नाही. २५ जून १९९१ च्या अंतरिम निवाड्याने वर्षाला २०५ अब्ज घनफूट पाणी मेट्टूरला पोचले पाहिजे असे ठरविले. कर्नाटकाने वटहुकूम काढून तो निवाडा निष्प्रभ करण्याचा प्रयत्न केला. सर्वोच्च न्यायालयाने त्या नोव्हेंबरात तो कायदा घटनाबाह्य ठरविला. निवाडा राजपत्रात प्रसिद्ध होताच डिसेंबरात बंगळूरला दंगल उसळली आणि तिथल्या तमिळ वस्त्यांना ती भोगावी लागली. १९९३ मध्ये तमिळनाडूच्या मुख्यमंत्री जयललिता यांनी मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावर उपोषण केले. पावसाचे वर्ष आले की प्रश्न निजत असे, दुष्काळाचे आले की जागा होत असे.

२००२ च्या दुष्काळानंतर एक निराळी गोष्ट घडली. मद्रासमधील काही अभ्यासकांच्या पुढाकाराने २००३ साली दोन्ही राज्यांतील शेतकरी एकत्र बसले. या मंडळाला त्यांनी ‘कावेरी कुटुंब’ असे नाव दिले. कर्नाटकातील शेतकऱ्यांनी तंजावरकडची कोरडी शेते पाहिली, तंजावरकडच्यांनी वर जाऊन तिकडची धरणे आणि तिकडचीही कोरडी शेते पाहिली. ज्यांनी आयुष्यभर एकमेकांविरुद्ध घोषणा ऐकल्या होत्या ते एकमेकांच्या बांधावर उभे राहिले. त्यांच्या हाती अधिकार नव्हता, त्यामुळे पाण्याचा एक थेंबही इकडचा तिकडे झाला नाही. तरीही त्या सव्वीस बैठकांपेक्षा या भेटींत अधिक खरे बोलणे झाले असावे, असे मानावयास जागा आहे.

लवादाचा अंतिम निवाडा ५ फेब्रुवारी २००७ रोजी आला. नदीचे पाणी ७४० अब्ज घनफूट धरून तमिळनाडूला ४१९, कर्नाटकाला २७०, केरळला ३० व पुदुच्चेरीला ७ असे वाटप झाले. तो राजपत्रात छापला जाण्यास २०१३ उजाडले. अपिलांवर सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०१८ रोजी अखेरचा शब्द उच्चारला. अंमलबजावणीची योजना सहा आठवड्यांत करा, असे केंद्राला सांगितले. कर्नाटकात निवडणूक तोंडावर होती. सहा आठवडे गेले, आणि केंद्राने ‘योजना’ या शब्दाचा अर्थ न्यायालयाला विचारला! पुन्हा एक शब्द. तमिळनाडू संतापाने पेटले. चेन्नईच्या क्रिकेट मैदानात प्रेक्षकांतून जोडे भिरकावले गेले, आणि चेन्नईच्या संघाचे उरलेले घरचे सामने पुण्याजवळ गहुंजे येथे हलवावे लागले. पुण्याच्या प्रेक्षकांना ती पर्वणीच होती. आपल्याकडे हा खेळ कोणत्या नदीच्या पाण्याने वाहून आला आहे, हे त्यांतील किती जणांच्या ध्यानी आले असेल कोण जाणे. कावेरी जलव्यवस्थापन प्राधिकरण १ जून २०१८ रोजी अधिसूचित झाले.

त्या निकालात, १९७४ साली पडलेल्या प्रश्नाचे उत्तरही होते. १९२४ चा करार पन्नास वर्षांचा होता आणि तो १९७४ मध्ये संपला, असे न्यायालयाने सांगितले. करार अन्यायाने लादलेला होता हे कर्नाटकाचे म्हणणे मात्र त्याने स्वीकारले नाही. उत्तर यावयास चव्वेचाळीस वर्षे लागली. दरम्यान जुन्या तंजावर जिल्ह्यातून नागपट्टिनम आणि तिरुवारूर हे नवे जिल्हे निघाले, आणि १९७४ साली नांगर धरणाऱ्याचा नातू शेतावर आला.

आता सरहद्दीवर बिलिगुंडलु येथे पाणी मोजले जाते. जूनमध्ये ९.१९, जुलैत ३१.२४, ऑगस्टमध्ये ४५.९५ अशी महिनावार बेरीज करून वर्षाला १७७.२५ अब्ज घनफूट यावयाचे आहे. पाऊस कमी झालेल्या वर्षी तूट कशी वाटावयाची यावर अजून तंटे होतात, आणि मेकेदाटू येथे कर्नाटकाने योजिलेल्या धरणावरून नवी फाइल जाडजूड होत आहे. २०१२ ते २०१९ या आठ वर्षांत मेट्टूरचे दरवाजे एकदाही १२ जूनला उघडले नव्हते. २०२० साली ते त्या तारखेस उघडले, आणि तंजावरकडे कुरुवैची रोपे वेळेवर शेतात गेली. २०२४ मध्ये तीच तारीख पुन्हा कोरडी गेली. पाणी सुटले ते जुलैच्या अखेरीस, कूर्गात मुसळधार पाऊस होऊन वरची धरणे तुडुंब भरल्यावर.